विजेचा भाव बांधून घ्यावा काय?

सन २०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एकाच आठवड्यांत दोन प्रश्न आले, आणि दोन्ही विजेच्या बिलाचेच निघाले. पहिला प्रश्न सातासमुद्रांपलीकडून आला. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव इंग्लंडांत लेस्टर शहरीं सहकुटुंब राहतात. त्यांनीं दूरध्वनीवरून विचारलें, "मोठेबाबा, इकडची वीज कंपनी म्हणते कीं वर्षभरासाठीं भाव बांधून घ्या. घ्यावा कीं न घ्यावा?" दुसरा प्रश्न ओसरीवरच उभा राहिला. मे महिन्याचें बिल हातांत धरून खुद्द बंधु म्हणाले, "दादा, आपण मीटर वेगळे करूं या." पहिल्या प्रश्नाचें उत्तर आकडेमोडीनें देतां येईल असें आम्हांस वाटलें, दुसऱ्यानें मात्र दोन रात्रींची झोप घेतली. पुढें विचार करितां असें दिसून आलें कीं, दोन्ही प्रश्नांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. बदलत्या भावाचें ओझें घरानें कसें वाहावें, ही ती गोष्ट. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच प्रश्न आज ना उद्यां येणार, म्हणून आमचा अनुभव व आमचा हिशोब येथें देत आहों.

आम्ही आमगांवचे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील, महाराष्ट्राच्या पूर्वेकडील टोंकाचें, गोंदिया जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. महाकवि भवभूतीचें पद्मपूर तें आमच्या गांवाजवळचें पदमपूरच होय, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें होतें. येथील महाविद्यालयासही भवभूतीचेंच नांव आहे. भवभूतीच्या काळीं घरोघर तेलाची समई होती; आज याच जिल्ह्यांत तिरोडा येथें ६६० मेगावॉटचे पांच संच मिळून ३,३०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. परंतु वीज शेजारीं निघते म्हणून शेजाऱ्यास स्वस्त मिळते असें नाहीं. केंद्र जवळ आहे कीं दूर यावर दर ठरत नाहीं, आणि तो ठरविण्याचा अधिकार १९९९ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे.

आतां भावाविषयीं. व्यवहारांत भाव ठरविण्याच्या तीन रीति आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. भिंतीच्या गिलाव्याचें काम आपण गवंड्यास उक्तें देतों. काम चार दिवस चालो कीं आठ, रक्कम एकच. दुधाचा रतीब वर्षाच्या बोलीनें लावतों. जितकें दूध तितके पैसे, पण भाव हालत नाहीं. आणि भाजीबाजारांत ज्या दिवशीं जो भाव असेल तो देतों. पहिला उक्ता भाव, दुसरा बांधलेला भाव, तिसरा चालू भाव. विजेच्या बाबतींत लोक पहिल्या दोहोंची गल्लत करतात. भाव बांधून घेतला म्हणजे बिल बांधलें गेलें असें त्यांस वाटतें. तसें नाहीं. बांधलेला असतो तो युनिटाचा दर. युनिटें वाढलीं कीं बिल वाढणारच.

उक्त्या विजेचा अनुभव आमच्या धानाच्या मुलखास भरपूर आहे. महाराष्ट्रांत असंख्य शेतीपंपांस मीटर न लावितां, पंपाच्या अश्वशक्तीवर आकार घेण्याची रीत कित्येक दशकें चालली. पंप चार तास चालो कीं चौदा तास, आकार तोच. वीज येईल तेव्हां पंप आपोआप सुरू व्हावा अशी कळ बसवून शेतकरी निजत असे, आणि उन्हाळी धानाच्या बांधींतून पाणी वाहून गेलें तरी तें बंद करावयास कोणी उठत नसे. यांत दोष शेतकऱ्यास देतां येत नाहीं. अपरात्रीं वीज आली तर त्यानें दुसरें काय करावें? परंतु उक्त्या भावांत काटकसरीचें कारणच नाहींसें होतें, आणि किती वीज वापरली व किती वाटेंत गळाली हें कोणासच कळत नाहीं. पुढें एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल सरकारनेंच भरण्याची योजना राज्यांत लागू झाली. तो विषय निराळा. घरासाठीं उक्ती वीज मागूं नये, एवढाच बोध आम्हीं त्यांतून घेतला.

इंग्लंडाची गोष्ट दुसऱ्या रीतीची आहे. तेथें घरगुती ग्राहकास वीज देणारी कंपनी निवडतां येते. जो कांहीं निवडीत नाहीं त्याचा दर बदलता राहतो. मात्र त्या दरास ऑफजेम या नियामक संस्थेनें जानेवारी २०१९ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे. हीही मर्यादा युनिटाच्या दरास व रोजच्या स्थिर आकारास आहे, एकंदर बिलास नाहीं. वर्तमानपत्रांत जो वार्षिक आकडा छापतात तो सर्वसाधारण घराचा, वीज व गॅस मिळून, अजमासाचा असतो. हा आकडा ऑक्टोबर २०२१ मध्यें १,२७७ पौंड होता. गॅसचे भाव भडकले, फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि एप्रिल २०२२ मध्यें तोच आकडा १,९७१ झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरसाठीं तर ३,५४९ पौंड जाहीर झाले. तेव्हां सरकारास मध्यें पडून तो २,५०० वर थोपवावा लागला.

अशा वेळीं ज्यांनीं २०२१ च्या पूर्वार्धांत भाव बांधून घेतला होता ते शेजाऱ्यांपेक्षां सुखी राहिले. परंतु त्यांतही एक मेख निघाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत कित्येक लहान कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांस वीज मिळत राहिली, कारण नियामकानें त्यांस दुसऱ्या कंपन्यांच्या स्वाधीन केलें. पण बांधून घेतलेला भाव मात्र जुन्या कंपनीबरोबर बुडाला. कबालतीस जितकें मोल, तितकेंच ती देणाऱ्याच्या पतीस असतें, हें आपल्या वाडवडिलांचें सावकारी शहाणपण तेथेंही खरें ठरलें.

यावरून आम्हीं पुतण्यास उत्तर दिलें तें असें. बांधलेला भाव हा नफ्याचा व्यापार नव्हे. तो विमा आहे. पुढें भाव चढेल कीं उतरेल हें कंपनीस तुझ्यापेक्षां अधिक कळतें, म्हणून तिच्यावर मात करण्याच्या ईर्ष्येनें सही करूं नकोस. आधीं हें पाहा कीं बिल अचानक दीडपट झालें तर तुझा संसार डगमगेल काय. डगमगणार असेल तर दर थोडा चढा असला तरी बांधून घे. डगमगणार नसेल, तर बांधलेला दर चालू दराहून खरोखर कमी असेल तरच घे. तुलना करतांना मागच्या महिन्याचें बिल पुढें धरूं नकोस. युनिटाचा दर व रोजचा स्थिर आकार हे दोन आकडे समोरासमोर मांड. मुदतीपूर्वीं सोडल्यास दंड किती हें वाच. मुदतीच्या अखेरच्या ४९ दिवसांत तो दंड घेतां येत नाहीं, हेंही लक्षांत ठेव. आणि वर्षाच्या आंत घर बदलण्याचा विचार असेल तर कंपनीस आधींच विचार.

परोपदेशे पांडित्य सोपें असतें. आतां स्वतःच्या घराचें सांगतों.

आमच्याकडे कंपनी निवडण्याची सोय नाहीं, आणि भाव बांधून देतों असें म्हणणाराही कोणी नाहीं. आयोगाचा आदेश पांच वर्षांचे दर सांगतो खरा. पण ३० मार्च २०२० च्या आदेशाचे दर ३१ मार्च २०२३ रोजीं मध्यावधि फेरविचारांत बदलले, आणि २८ मार्च २०२५ चा आदेश थोड्याच दिवसांत स्थगित होऊन २५ जून २०२५ रोजीं फेरआदेश निघाला. शिवाय कोळशाच्या व खरेदीच्या खर्चाप्रमाणें इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो तो वेगळाच. म्हणजे आमचा भाव नांवाला बांधलेला, पण गांठ सैल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आमचा भाव चढता आहे. त्या मे महिन्यांत लागू असलेले घरगुती दर असे होते: पहिल्या शंभर युनिटांस प्रत्येकीं ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे, आणि त्यापुढें १६ रुपये ६४ पैसे. यावर युनिटामागें १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्यास १२८ रुपये स्थिर आकार, आणि एकंदरीवर सोळा टक्के वीजशुल्क. या चढत्या पायऱ्यांमागील हेतु चांगला आहे. ज्या घरीं दोन दिवे व एक पंखा आहे त्यास वीज परवडावी, आणि ज्याच्या घरीं शीतयंत्र चालतें त्यानें थोडें अधिक द्यावें. हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमच्या मोलकरणीच्या घरचें बिल पाहिलें म्हणजे तें अधिकच पटतें.

परंतु या पायऱ्या डोकीं मोजीत नाहींत, मीटर मोजतात. आमच्या घरीं लहानमोठीं दहा माणसें. मे महिन्यांत युनिटें झालीं ४००, म्हणजे माणशीं ४०. शेजारीं एक तरुण दांपत्य राहतें. त्यांचीं युनिटें २००, म्हणजे माणशीं १००. आतां केवळ वीज आकार पाहा. आमचा झाला ३,९८४ रुपये, म्हणजे सरासरीनें युनिटास ९ रुपये ९६ पैसे. त्यांचा झाला १,५०० रुपये, म्हणजे युनिटास साडेसात रुपये. माणशीं अडीचपट वीज वापरणाऱ्यास ती स्वस्त, आणि एका छपराखालीं, एका पंख्याखालीं चौघे बसणाऱ्यांस महाग! एकत्र कुटुंबावर बसलेला हा अप्रत्यक्ष करच म्हणावयाचा.

बंधूंच्या सूचनेचें मर्म हेंच होतें. हिशोबांत ते आमच्याहून तरबेज. त्यांनीं कागदावर मांडून दाखविलें कीं, हींच ४०० युनिटें दोन मीटरांवर निम्मीं निम्मीं वाटलीं तर वीज आकार ३,९८४ ऐवजीं ३,००० होतो. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार वजा जातां व शुल्क धरतां महिन्याचे ९९३ रुपये वांचतात. हिवाळ्या-पावसाळ्यांत आमचीं युनिटें महिन्यास २२० च्या घरांत असतात. तेव्हां बचत ५०० च्या आसपास. वर्षाचे जवळजवळ आठ हजार! हिशोब बरोबर होता. आम्हीं तो तीन वेळां तपासला.

मात्र एकाच घरांत त्याच कामासाठीं दुसरी घरगुती जोडणी मागावयाची, तर तो भाग स्वतंत्र वास्तव्याचा आहे असें दाखवावें लागतें. जाण्यायेण्याची वाट निराळी, चूल निराळी, कागदोपत्रीं हिस्सा निराळा. बंधु म्हणाले, "नुसता मुद्रांकावर कागद करूं. वाटणी नांवापुरती. मागच्या पडवींत एक शेगडी ठेवली कीं झालें." आम्ही म्हणालों, "जी वाटणी झाली नाहीं ती झाली म्हणून लिहून द्यावयाची?" ते म्हणाले, "दादा, गांवांत चार घरीं असेंच आहे." त्यावर आम्हीं जें बोललों तें शाळामास्तरी स्वरांत बोललों, हें कबूल केलें पाहिजे. बंधूंस तें लागलें. चाळीस वर्षें एका पंक्तींत जेवणारे आम्ही दोघे दोन दिवस एकमेकांशीं कामापुरतें बोलत होतों.

आमचा आक्षेप केवळ असत्याचा नव्हता. असत्य कागद एकदां झाला म्हणजे तो कपाटांत राहतो. आज तो आठ हजारांसाठीं केला. पंचवीस वर्षांनीं आमचीं नातवंडें तो बाहेर काढतील, आणि तेव्हां ती नांवापुरती वाटणी होती हें सांगावयास आम्ही दोघे नसूं. शेगडी दाखविण्यापुरती ठेवली म्हणजे एखाद्या रुसव्याच्या दिवशीं ती पेटतेही. परंतु बंधूंचीही बाजू होती, आणि ती आम्हांस दुसऱ्या रात्रीं उमगली. बिल भरतात ते. आमची पेन्शन ठराविक. घरखर्चाचा चढता भाग गेलीं कित्येक वर्षें ते निमूटपणें उचलीत आले. आमच्या तत्त्वाचें बिल त्यांच्या खिशांतून जात होतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हींच त्यांस हांक मारिली. "तुमचा हिशोब खरा, कागद खोटा. खोट्या कागदाशिवाय तोच हिशोब साधेल काय, तें पाहूं." मग दोघे बसलों, आणि त्यांच्याच मुलाचा प्रश्न आम्हांस आठवला. भाव बांधून देणारा कोणी नाहीं खरा. पण छपरावर पडणारें ऊन आहे. सौर पत्रे बसवावयाचे म्हणजे पुढील पंचवीस वर्षांच्या विजेचा भाव आजच, आगाऊ, बांधून घ्यावयाचा. कबालत द्यावयाची ती सूर्यानें, आणि त्याची पत बुडण्याची भीति नाहीं.

फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारची पीएम सूर्य घर योजना सुरू झाली. तींत एक किलोवॉटास ३० हजार, दोहोंस ६० हजार, आणि तीन किलोवॉट वा अधिक असल्यास ७८ हजार रुपये अनुदान ठरलें. तीन किलोवॉटास सुमारें तीनशें चौरस फूट मोकळें छप्पर लागतें. आमचा पुढचा भाग कवेलूंचा, मागचा स्लॅबचा; स्लॅबवर ती जागा निघाली, फक्त कडुनिंबाच्या दोन फांद्या उतरवाव्या लागल्या.

हिशोब असा. समजा, खर्च १ लक्ष ८० हजार. अनुदान वजा जातां १ लक्ष २ हजार. किलोवॉटामागें महिन्यास सरासरी शंभर युनिटें धरलीं तर वर्षाचीं ३,६०० युनिटें. ही रक्कम बँकेंत सात टक्क्यांनीं ठेवली असती तर वर्षास ७,१४० रुपये व्याज आलें असतें, तें सोडलें. मुद्दल पंचवीस वर्षांवर वाटलें, वर्षास ४,०८०. धूळ पुसणें, दुरुस्ती, पुढें कधीं इन्व्हर्टर बदलणें यांसाठीं वर्षास २,००० धरले. एकूण १३,२२०, म्हणजे युनिट पडलें ३ रुपये ६७ पैशांस. हा आमचा बांधलेला भाव. ज्या युनिटांस आम्ही वहन आकार धरून साडेअकरा वा पावणेसोळा रुपये, वर शुल्क, देत होतों, तींच युनिटें आधीं कमी होतात. म्हणून घातलेले पैसे तीन ते चार वर्षांत परत येतात असें दिसलें. शिवाय सौरयंत्र मीटर मोजीत नाहीं, डोकीं मोजीत नाहीं, आणि पायऱ्याही चढत नाहीं. एकत्र कुटुंबास एवढी सोयीची वीज दुसरी नाहीं.

यांतील उणिवाही वाचकांनीं जाणून घ्याव्या. दिवसां जास्त झालेली वीज तारेंत जाते व रात्रीं परत मिळते. उरलीं युनिटें पुढील महिन्यांत धरतात. पण हा हिशोब ३१ मार्चला मिटतो, आणि शिल्लक युनिटांस कंपनी अल्प भाव देते. म्हणजे हिवाळ्यांत साठविलेलीं युनिटें, जेव्हां खरी गरज तेव्हां मे महिन्यांत कामास येत नाहींत. म्हणून गरजेहून मोठें यंत्र बसवूं नये. दुसरें, बॅटरी नसेल तर गांवची वीज गेली म्हणजे छपरावरचीही बंद होते. वादळांत दिवा हवा असेल तर त्याची सोय निराळी करावी. तिसरें, ज्यांचीं युनिटें महिन्यास शंभराच्या आंत आहेत त्यांस पायरीचा लाभ आधींच मिळतो. त्यांनीं घाई करण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांस छप्पर नाहीं, त्यांनीं वेळ नोंदविणारे मीटर लागल्यास दिवसाचा लाभ घ्यावा. १ जुलै २०२५ पासून सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ च्या वापरावर युनिटामागें ८० पैसे सवलत देण्यास आरंभ झाला. ज्या घरीं दिवसां कोणी असतें त्यांस पाण्याचा पंप, कपडे धुण्याचें यंत्र व इस्त्री या वेळांत उरकतां येते. नोकरदार दांपत्यापेक्षां येथें एकत्र कुटुंबाचें पारडें जड आहे.

अर्ज भरतांना शेवटची अडचण आली, आणि तिची आम्हांस कल्पनाच नव्हती. मीटर अद्यापि आमच्या दिवंगत वडिलांच्या नांवें होतें. अर्ज हयात ग्राहकाच्या नांवें हवा. मातोश्री पंचाऐशीच्या पुढें आहेत. दर महिन्यास बिल आलें कीं त्यावरचें नांव त्या बोटानें चाचपून पाहतात. नांव बदलावें लागेल हें त्यांस कसें सांगावें, आणि त्याहून अवघड, कोणाचें घालावें? ज्येष्ठ म्हणून आमचें, हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. बंधूंनीं तर कागदावर लिहूनही ठेवलें होतें. आम्हीं तें खोडून त्यांचें लिहिलें. "बिल तुम्ही भरतां, नांव तुमचेंच शोभेल," एवढेंच म्हणालों. ते कांहीं बोलले नाहींत. कडुनिंबाच्या तोडलेल्या फांद्या उचलावयास मागें निघून गेले. मातोश्रींस सांगितलें तेव्हां त्यांनीं क्षणभर विचार केला आणि विचारलें, "आडनांव तेंच राहील ना?" तेंच राहील म्हटल्यावर त्या पुन्हा जपास बसल्या.

पत्रे बसले. पहिलें बिल आलें तें स्थिर आकारासह तीनशें रुपयांच्या आंत होतें. पुतण्यानेंही तिकडे वर्षाचा भाव बांधून घेतला. चालू दराहून तो थोडासाच कमी होता, पण घरीं तान्हें मूल असल्यानें हिवाळ्याची चिंता नको असें त्याचें म्हणणें, व तें आम्हांस योग्य वाटलें.

ज्या वाचकांस हा विचार करावयाचा असेल त्यांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या मागील बारा महिन्यांचीं बिलें काढावीं, चालू दर आपल्या ताज्या बिलावरून घ्यावे, आणि घरांत जो बिल भरतो त्यास शेजारीं बसवून हा हिशोब करावा. आमच्याकडे तो बराच उशीरा बसविला गेला.